किरणांच्या मधला वेळ

किरण पेशीला मोडतात. मरायचं की सावरायचं, हे नंतर ठरतं. ते ठरायला कधी तास लागतात, कधी आठवडे.

*

सबंध शरीरावर एकदम चार ग्रेचा (ग्रे हे किरणांच्या डोसाचं माप) डोस पडला आणि उपचार मिळाले नाहीत, तर साधारण निम्मी माणसं दोन महिन्यांच्या आत दगावतात. त्या डोसातली ऊर्जा मोजायला गेलं तर विश्वास बसत नाही. सत्तर किलोच्या माणसाचं तापमान ती जेमतेम एक हजारांश अंशाने वाढवते. गरम चहाच्या एका घोटातही तेवढी ऊर्जा असते. चहाची ऊर्जा सगळीकडे सारखी पसरते, म्हणून चहा कुणाला मारत नाही. किरणांची ऊर्जा थेंबाथेंबाने पडते आणि त्यातला एखादा थेंब नेमका डीएनएवर पडतो.

*

एका ग्रेच्या डोसाने प्रत्येक पेशीत डीएनएचा एक पदर तुटल्याच्या सुमारे हजार जखमा होतात, दोन्ही पदर तुटल्याच्या साधारण चाळीस. हजारांचं पेशीला काही वाटत नाही. समोरचा पदर शाबूत असतो, तो वाचून ती तुटलेला लिहून काढते. चाळिसांचं तसं नाही. तिथे वाचायलाच काही उरलेलं नसतं, आणि चुकीची टोकं एकमेकांना जोडली जाण्याची भीती असते.

1998 मध्ये अमेरिकेत बॉनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट उजेडात आणली. दोन्ही पदर तुटले की त्या जागेच्या आसपास डीएनए ज्या प्रथिनावर गुंडाळलेला असतो, त्या प्रथिनावर काही मिनिटांत एक रासायनिक खूण चढते. तिला चिकटणारं चमकतं रसायन सोडलं की सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या केंद्रकात हिरवे ठिपके दिसू लागतात. अर्ध्या तासात ते सर्वांत जास्त असतात, मग एकेक विझत जातात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पाहिलं तर निरोगी पेशीत थोडेच उरलेले असतात.

कर्करोगावर किरण देताना दुसरी सिटिंग दुसऱ्या दिवशी का, याचं उत्तर त्या काचपट्टीवर आहे. गंमत म्हणजे ठिपके दिसण्याच्या कितीतरी आधीपासून डॉक्टर दुसऱ्या दिवशीच बोलावत होते.

*

उत्तर आधी मिळालं, कारण मागून कळलं. वैद्यकात असं फार होतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

*

रेडिओथेरपीचा पहिला गुरू एक मेंढा आहे.

पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये क्लोदियुस रगो मेंढ्याच्या वृषणावर क्ष-किरण सोडत होते. शुक्रपेशी घडवणाऱ्या पेशी सतत विभागत असतात, म्हणून वृषण म्हणजे गाठीची प्रतिकृती. वरची कातडी म्हणजे शेजारची निरोगी जागा. मेंढा कायमचा वांझ करायचा तर एका दमात एवढा डोस द्यावा लागे की कातडी सडून जाई. तोच उपद्व्याप काही दिवसांमध्ये वाटून केला तेव्हा मेंढा वांझ झाला आणि कातडी टिकली.

रगोंच्याच संस्थेतल्या आंरी कुतार यांनी हे माणसाच्या स्वरयंत्राच्या कर्करोगावर आणलं. 1922 च्या पॅरिसमधल्या परिषदेत त्यांचे बरे झालेले रुग्ण सादर झाले. तोवर बहुतेक जण एकदाच, भरपूर, जळेपर्यंत देत होते. रंटगेननी क्ष-किरण शोधले 1895 च्या नोव्हेंबरात. पुढची पंचवीस-तीस वर्षं माणसांनी हे किरण उतावीळपणे वापरले, स्वतःवरसुद्धा. हाम्बुर्गमध्ये 1936 साली किरणांनी बळी घेतलेल्या डॉक्टर-तंत्रज्ञांचं स्मारक उभं राहिलं, तेव्हा त्यावर 169 नावं होती.

डीएनएचा आकार अजून कुणाला ठाऊक नव्हता. मेंढ्याच्या कातडीने तेवढ्यात एका शास्त्राचा पाया घातला: डोस सारखाच ठेवा, मध्ये वेळ सोडा, परिणाम वेगळा होतो.

*

निरोगी पेशीला थांबता येतं. जखम झाली की पी-53 नावाचं प्रथिन विभाजन रोखून धरतं. आधी दुरुस्ती, मग पुढे. ते नाहीच जमलं तर पेशीला स्वतःला संपवायला लावतं. डेव्हिड लेन यांनी 1992 मध्ये त्याला जनुकसंचाचा पहारेकरी म्हटलं. हत्तीकडे या जनुकाच्या वीस प्रती आहेत. एवढ्या मोठ्या देहात, एवढ्या पेशी असून, त्याला कर्करोग क्वचित का होतो, याचं एक कारण 2015 मध्ये तिथे सापडलं. माणसाच्या जवळपास निम्म्या गाठींत हा पहारेकरी बिघडलेला असतो.

*

कर्करोगाच्या पेशीला थांबता येत नाही. तिचं बळ तेच, तिचं मरणही तेच. तुटलेलं सामान घेऊनच ती विभागायला जाते. गुणसूत्रं ओढली जातात, नको तिथे जुळलेली टोकं ताणून तुटतात, आणि वाटणी फसते. बहुतेक गाठींतल्या पेशी किरण लागल्या क्षणी मरत नाहीत. त्या पुढच्या विभाजनात मरतात, किंवा त्याच्या पुढच्या.

यात एक अडचण आहे आणि ती लपवू नये. पहारेकरी नसलेली पेशी आत्महत्याही करत नाही. म्हणून काही गाठी याच दोषामुळे हट्टी होतात.

*

घरचे विचारतात, "गाठ गेली का?" डॉक्टर म्हणतात, "तीन महिन्यांनी स्कॅन करू." घरच्यांना वाटतं, टाळतायत. डोक्या-मानेच्या कर्करोगात उपचार संपल्यावर साधारण बारा आठवडे थांबून पेट-सीटी करतात. त्याआधी पाहिलं तर मेलेल्या आणि मरायला टेकलेल्या पेशी, सूज आणि उरलेला रोग यांतला फरक कळत नाही. किरण बंद झाले तरी उपचार चालूच असतो. फक्त मशीन लागत नाही.

*

तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण. जाळीचा पांढरा पत्रा गरम पाण्यात मऊ करून त्याच्या चेहऱ्यावर ओढतात. नाक, हनुवटी, कपाळ यांचा आकार घेऊन तो काही मिनिटांत कडक होतो आणि पुढचे सहा-सात आठवडे हाच त्याचा मास्क. रोज टेबलावर उताणं झोपायचं, मास्क चढवून चारी बाजूंनी टेबलाला खटाखट अडकवायचा. मास्कवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर पेनाच्या फुल्या. भिंतीतून येणाऱ्या लेझरच्या रेषा त्या फुल्यांवर येईपर्यंत तंत्रज्ञ टेबल मिलिमीटरने सरकवतात. मग सगळे बाहेर. जाड दार लागतं. मशीन थोडा वेळ गुणगुणतं आणि फिरतं. काही जाणवत नाही.

"झालं?" तो विचारतो. झालं. गावाकडे याला शेक म्हणतात, लाइट म्हणतात. चटका बसतो तो तिसऱ्या आठवड्यापासून, तोंडात. मग भाकरी ताकात कुस्करूनही उतरत नाही.

मिनिटं मशीनची. दिवस माणसाचे.

*

ग्रे हे मापाचं नाव लुई हॅरल्ड ग्रे यांच्यावरून आलं. त्यांच्या 1953 आणि 1955 च्या कामात मला सगळ्यांत जास्त गुंतायला होतं.

टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या गाठींचे पातळ काप पाहिले. रक्तवाहिनीच्या कडेने जिवंत पेशींची पट्टी, आणि साधारण 180 मायक्रॉन ओलांडले की मेलेला चोथा. ऑक्सिजन तिथवर पोचतच नाही. जिवंत आणि मेलेल्यांच्या सीमेवर, जेमतेम श्वास घेत असलेल्या पेशींची एक रांग असते. किरणांचा घाव कायम करायला ऑक्सिजन लागतो. त्याच्या अभावी त्याच परिणामासाठी अडीच ते तीनपट डोस लागतो. उपासमारीने कण्हणाऱ्या या पेशी म्हणूनच किरणांतून वाचतात.

यावर उपाय म्हणून लंडनमध्ये रुग्णांना जास्त दाबाच्या ऑक्सिजनच्या टाकीत झोपवून किरण दिले गेले. थोडा गुण आला, खटाटोप फार होता. पण साधा उपाय मेंढ्यापासून चालत आलेला होताच. पहिल्या डोसाने वाहिनीजवळच्या पेशी मरतात. त्यांचा वाटा मागच्यांना मिळतो. मागच्या रांगेला प्रथमच पोटभर ऑक्सिजन मिळतो, आणि दुसऱ्या दिवशीचा डोस त्यांना त्या ऑक्सिजनमुळेच लागू पडतो.

ज्याने जीव वाचतो, त्यानेच किरणांना जीव घेता येतो. हे वाक्य कुणा तत्त्वज्ञाने लिहिलं असतं तर मी ते अलंकारिक म्हणून सोडून दिलं असतं.

*

वेळ दोघांनाही मिळतो. निरोगी पेशीला सांधायला, गाठीला वाढायला.

डोक्या-मानेच्या कर्करोगात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा वेगाने वाढू लागतात, हे विदर्स यांनी 1988 मध्ये मांडलं. उपचार लांबला की दर दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एका टक्क्याने घसरते. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात बाहेरचे किरण आणि आतली ब्रॅकीथेरपी मिळून सगळं आठ आठवड्यांत उरकायचं, हा नियम याच पोटी आला.

नियम आणि आयुष्य यांच्या मध्ये सोयाबीनची काढणी असते. भाचीचं लग्न असतं, गणपती असतात, संपलेले पैसे असतात, बंद पडलेलं मशीन असतं. "चार दिवसांनी काय बिघडतंय" हे बोलणाऱ्याचं काही चुकत नाही. चार दिवसांत दिसण्यासारखं काहीच बिघडत नाही.

शनिवार-रविवार सुट्टी ही जीवशास्त्राची नाही, हजेरीपटाची आहे. गाठीला रविवार नसतो.

*

मधल्या वेळेत औषधाने हात घालता येतो. सिस्प्लॅटिन किरणांबरोबर दिलं की पेशीची सांधण्याची कामं अडतात. टाटा मेमोरियलने गर्भाशयाच्या मुखाच्या तिसऱ्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या 850 बायकांवर हे तपासून 2018 मध्ये निकाल दिला. नुसत्या किरणांनी पाच वर्षांनी 46 टक्के हयात, सिस्प्लॅटिनबरोबर 54. शंभरात आठ बायका. आकडा लहान वाटतो तो आकडा म्हणून वाचला तर.

*

कोबाल्ट-60 चं अर्धायुष्य 5.27 वर्षं. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेलं भाभाट्रॉन याच कोबाल्टवर चालतं. महागडी मशीन न परवडणाऱ्या रुग्णालयांसाठी ते घडवलं. कोबाल्ट महिन्याला साधारण एक टक्का संपतो. मशीन बंद असलं तरी संपतो, माणसं संपावर गेली तरी संपतो. स्रोत जुना होत जातो तसं तेवढ्याच डोसासाठी रुग्णाला टेबलावर जास्त वेळ पडून राहावं लागतं. पाच वर्षांनी दुप्पट.

*

सगळ्या गाठी घाईच्या नसतात. स्तनाचा कर्करोग किरणांच्या तुकड्यांना जवळपास निरोगी ऊतींसारखाच प्रतिसाद देतो. मग बारीक तुकडे करून फारसा फायदा काय? इंग्लंडच्या संशोधकांनी हा प्रश्न पायरीपायरीने विचारला. पाच आठवड्यांचे तीन झाले. मग फास्ट-फॉरवर्ड चाचणीत 97 रुग्णालयांतल्या 4096 रुग्णांवर तीन आठवड्यांचा एक आठवडा करून पाहिला: पंधरा सिटिंगमध्ये 40 ग्रे, किंवा पाचात 27, किंवा पाचात 26. पाच वर्षांनी रोग परतला पंधरावाल्यांत 2.1 टक्क्यांत, पाचात 26 ग्रे घेतलेल्यांत 1.4 टक्क्यांत. निकाल 2020 च्या एप्रिलमध्ये छापून आला. कोविड ऐन भरात होता आणि रुग्णालयात शक्य तितक्या कमी वेळा जायचं होतं. एरवी जो बदल रुळायला दहा वर्षं लागली असती, तो तिथे काही आठवड्यांत झाला.

मुंबईत या आकड्यांचा अर्थ वेगळा लागतो. परळला टाटा रुग्णालयाच्या बाहेरच्या फुटपाथवर बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश, मराठवाडा सगळे असतात. दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. बरोबर आलेल्या माणसाची रोजची मजुरी बुडालेली. दहा सिटिंग कमी म्हणजे चौदा रात्री कमी. लंडनच्या शोधनिबंधात याचा रकाना नसेल, पण तो निबंध माझ्या मते सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो तो या फुटपाथला.

*

आता पुन्हा पॅरिस. रगोंची संस्था पुढे क्यूरी इन्स्टिट्यूट झाली. तिथेच 2014 मध्ये फाव्होदों यांनी उंदरांच्या छातीवर अख्खा डोस सेकंदाच्या आत दिला. नेहमीच्या संथ दराने दिलेल्या तेवढ्याच डोसाने फुप्फुस तंतूंनी आवळलं जाई. या झटपट डोसाने ते वाचलं, गाठीवरचा परिणाम मात्र तेवढाच राहिला. याला फ्लॅश म्हणतात. 2018 मध्ये लोझानला एका रुग्णाच्या कातडीवरच्या गाठीला 15 ग्रे देण्यात आले. लागले 90 मिलिसेकंद.

हळू द्या, कातडी वाचेल, हे ज्या घराने शिकवलं त्याच घराने शंभर वर्षांनी सांगितलं, पापणी लवायच्या आत द्या, फुप्फुस वाचेल. असं का होतं यावर एकमत नाही. ऑक्सिजन तेवढ्यापुरता संपतो हा पहिला अंदाज होता, तो मोजमापात पुरेसा टिकला नाही. उत्तर पुन्हा आधी आलंय.

*

किरणांनी तुटलेल्या डीएनएचे तुकडे विभाजनाच्या गोंधळात कधी केंद्रकाच्या बाहेर पडतात. पेशीला तो विषाणूचा डीएनए वाटतो आणि ती हाकाटी पिटते. प्रतिकारशक्ती धावून येते. 2017 मध्ये हे उलगडलं. हाकाटीला काही दिवस लागतात, कारण आधी पेशी विभागायला हवी. तोवर आपण रोज नवा डोस देत असतो, आणि धावून आलेल्या लिम्फोसाइट पेशी किरणांना सगळ्यांत हळव्या. त्या विभाजनाची वाटसुद्धा पाहत नाहीत, लगेच मरतात. ज्यांना आपणच बोलावलं त्यांना आपणच मारतो.

फुप्फुसाच्या कर्करोगात किरण-केमो संपल्यावर प्रतिकारशक्तीला बळ देणारी इम्युनोथेरपी दिली, 2017 च्या पॅसिफिक चाचणीत ती लागू पडली. डोक्या-मानेच्या कर्करोगात किरणांपासूनच सुरू करून पुढे चालू ठेवली, जॅव्हलिन चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली. यावरून "आधी नको, नंतर द्या" असा नियम काढायचा मोह होतो. पण गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात बरोबरीने सुरू करूनही आयुष्य वाढलं. तेव्हा नियम अजून काढू नये. तीन वेगळ्या गाठींना एकच घड्याळ लावणं हीसुद्धा घाईच.

*

2023 मध्ये खारघरला प्रोटॉनचं केंद्र आलं. लहान मुलांच्या मेंदूच्या गाठींसाठी ते हवंच होतं. प्रोटॉन ठरल्या खोलीवर थांबतात, पलीकडच्या निरोगी भागाला त्रास देत नाहीत. अशा यंत्राचं उद्घाटन होतं, फोटो निघतात.

सहाव्या सिटिंगचं उद्घाटन करता येत नाही.

डेन्मार्कच्या ओव्हरगार्ड यांनी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मदतीने एक चाचणी केली. आशिया, आफ्रिका, युरोप, दक्षिण अमेरिकेतल्या नऊ केंद्रांत, मुख्यतः गरीब देशांत, डोक्या-मानेच्या कर्करोगाचे नऊशेच्या वर रुग्ण. डोस तोच, सिटिंगची संख्या तीच. निम्म्यांना आठवड्याला पाच, निम्म्यांना सहा. सहावाल्यांचा उपचार आठवडाभर आधी संपला. पाच वर्षांनी रोग जागच्या जागी आटोक्यात राहिला पाचवाल्यांत 30 टक्क्यांचा, सहावाल्यांत 42 टक्क्यांचा. नवं औषध नाही, नवं मशीन नाही. निकाल 2010 चा.

सहावी सिटिंग द्यायचे दोन मार्ग होते. शनिवारी यायचं, म्हणजे शनिवारी तंत्रज्ञ हवेत, भौतिकशास्त्रज्ञ हवा, डॉक्टर हवा आणि त्यांचा पगार हवा. नाहीतर आठवड्यातल्या एका दिवशी दोनदा द्यायचं, मध्ये किमान सहा तास सोडून. तेवढ्यात निरोगी पेशींची सांधणी बरीचशी उरकते. म्हणजे सकाळी नऊला मास्क काढलेल्या माणसाने दुपारी तीनपर्यंत तिथेच राहायचं. त्याला आडवं व्हायला बाकडं हवं, सोलवटलेल्या तोंडाला गिळवेल असं काहीतरी पातळ हवं, आणि बरोबरच्या माणसाला सांगणारं कुणीतरी हवं की आज घरी जायचं नाही, अजून एक बाकी आहे.